बाबांसाठी बोलणारा चष्मा घ्यावा का?

प्रश्न: बाबांना काचबिंदूमुळे आता जवळजवळ दिसत नाही, सकाळचा पेपर सुटला याचंच त्यांना जास्त लागलंय, समोरचा मजकूर वाचून दाखवणारा तो कॅमेरावाला चष्मा कोणी वापरलाय का?

रिप्लाय: मी स्वतः अंध आहे. घेण्याआधी मराठी पेपरच समोर धरून डेमो मागा हो, मी इंग्रजी डेमोवर भुललो आणि घरी आल्यावर चष्म्याला मराठी लाईटबिलसुद्धा वाचता येईना.

रिप्लाय: चालायला आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन बघा, २०१४ मध्ये आली, पांढऱ्या काठीवरच बसते, अल्ट्रासॉनिक लहरींनी ३ मीटरपर्यंतचा अडथळा कळतो आणि मूठ थरथरते. साध्या काठीला उभ्या टेम्पोचा फळका कळत नाही, आईचं कपाळ तिथंच फुटलं होतं.

रिप्लाय: नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) ॲप फुकट आहे, नेटशिवाय चालतं, आजच फोनमध्ये टाका.