४०२ चा गुंड्या रात्रभर ओरडतोय (शनिवार सकाळ)

३०२: काल रात्रीपासून ४०२ मधून बोका ओरडतोय. डोळ्याला डोळा लागला नाही. घरात कोणी आहे की नाही?

१०१: सुप्रभात. मांजर स्वतंत्र प्राणी आहे. त्याला कोणी लागत नाही.

४०२: सॉरी काकू. आम्ही काल पहाटे निघालो, उद्या रात्री परत. दाण्यांचं मशीन लावलंय, पाण्याची तीन भांडी आहेत, खिडक्यांना जाळी आहे. सगळी सोय करून निघालोय.

३०२: गळतीच्या वेळीसुद्धा "सगळं करून घेतलंय" हेच ऐकलं होतं.

४०२: गळती इथे नको ना काकू.

५०३: असं मशीन माणसांसाठी मिळतं का? बायको माहेरी आहे.

५०३ वहिनी: मी या ग्रुपवर आहे.

सेक्रेटरी: कृपया सभासदांनी विषयाला धरून लिहावे.

२०४: ४०२, मोठं मांजर एक दिवस राहतं गं. पुढे रोज कोणीतरी आत जाऊन बघायलाच हवं. आमच्या बोक्याची लघवी अडकली तेव्हा सकाळी चांगला हिंडत होता, संध्याकाळी नुसता मातीत बसून कुंथत होता. नरांमध्ये हे एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. मशीनला काय कळणार?

१०१: मांजर स्वतंत्र प्राणी आहे.

२०४: काका, वाचलं. लिलीची फुलं, शिवणाचे दोरे बाहेर नाहीत ना? वॉशिंग मशीनचं दार लावलंय?

४०२: हो ताई, सगळं बघितलंय. कॅमेरा पण आहे. फक्त कालपासून गुंड्या हॉलमध्ये दिसत नाहीये. कपाटामागे झोपला असेल.

२०४: कालपासून?? वाटीत दाणे दिसतायत का?

४०२: हो. ढीग झालाय.

२०४: मग तो खात नाहीये. असा गुबगुबीत बोका दोन-तीन दिवस उपाशी राहिला की लिव्हरवर येतं. किल्ली कोणाकडे आहे?

४०२: ३०२ च्या काकूंकडे. प्लंबरसाठी दिली होती.

५०३: घ्या. गळती कामाला आली.

३०२: आहे माझ्याकडे. पण मला कोणी सांगितलं होतं का की हे जाणार आहेत म्हणून?

४०२: चुकलंच काकू. प्लीज जाता का?

१०१: स्वतंत्र प्राणी आहे, तुम्ही उगाच...

सेक्रेटरी: काका, पुरे.

३०२: आत आलेय. बाथरूमचं दार वाऱ्याने लागलंय. खालच्या फटीतून एक पंजा बाहेर, सारखा जमीन उकरतोय.

३०२: उघडलं. टॉवेल ओढून त्यावर बसला होता. बादलीच्या तळाशी थोडं पाणी होतं, तेच प्यायलाय बहुतेक. माझ्याच अंगावर फिसकारला, मेला.

४०२: काकू

४०२: मी रडतेय

२०४: लघवी केलीय का बघा. आणि आधी थोडेच दाणे द्या, एकदम खाल्ले तर ओकेल.

३०२: भरपूर केलीय, टॉवेलवरच. तो मी धुणार नाही. दाराला आता स्टूल लावून ठेवलंय. जाताना दारं अडकवायची एवढं कळू नये?

४०२: यापुढे तुम्हाला सांगूनच जाईन.

३०२: सांगाच. रोज सकाळ-संध्याकाळ येऊन बघेन.

३०२: ३०१, आमची किल्ली तुमच्याकडे आहे ना? जरा आमचा गॅस बंद करता का? हा मांडीवर बसलाय, उठू देत नाहीये.