जेटस्की पावसाळ्यासाठी बंद ठेवायची आहे, गेल्या वर्षीसारखं व्हायला नको. मदत हवी!

देवबागची_रेती
इथे मालवणजवळ देवबागला २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद. दोन जेटस्की मांगरात (बागेतल्या शेडमध्ये) ठेवायच्या आहेत. गेल्या पावसाळ्यातही धुऊन, ताडपत्री गुंडाळून ठेवल्या होत्या, तरी सप्टेंबरात एक सुरूच होईना. बटण दाबलं की नुसता 'टक्' आवाज. मेकॅनिकने आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर बदलला आणि शेवटी इंजिन उघडलं. तो खर्च पुन्हा झेपणारा नाही. काय काय करायचं ते क्रमाने सांगा. ट्रॅक्टर २४ तारखेला येणार आहे, हाताशी वेळ नाही.

पंप_आणि_सील
कंपनी आणि मॉडेल कोणतं? टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? सुपरचार्जर आहे का? हे सांगितल्याशिवाय क्रम सांगता येणार नाही. यामाहात समुद्राचं पाणी थेट इंजिनातून फिरतं. सी-डूच्या रोटॅक्स फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनाला बंद चक्रातलं कूलंट असतं, खारं पाणी एक्झॉस्टकडे जातं. धुण्याचं महत्त्व दोन्हीकडे आहे, पण मीठ कुठे अडकतं ते वेगळं.

देवबागची_रेती
दोन्ही यामाहा व्हीएक्स, फोर-स्ट्रोक, २०१९ च्या. सुपरचार्जर नाही. पाणी तर रोजच मारतो, ते सोडून बाकीचं सांगा.

ह्यूस्टनकर
धुऊन झालं की गुलाबी अँटीफ्रीझ भरा, प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं. आमच्याकडेही हवा उष्णच, म्हणून लोक हे टाळतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे पारा उणे १० सेल्सियसच्या आसपास गेला. इंजिनात उरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि धातूला चीर पाडतं. चार-पाच लिटरच्या खर्चात इंजिन वाचतं.

खाडीकाठ
ह्यूस्टनला ते बरोबर आहे. मालवणात मात्र गोठण्याचा प्रश्नच नाही. इथे मीठ, दमट हवा आणि उंदीर या तिघांपासून वाचवायचं आहे. मीठ आत असताना अँटीफ्रीझ भरलं तरी मीठ काही निघणार नाही.

ह्यूस्टनकर
त्यात गंजरोधकही असतं, म्हणून फायदा होतोच. 'मीठ असताना भरा' असं मी म्हटलेलं नाही.

पंप_आणि_सील
अँटीफ्रीझचा वाद बाजूला ठेवू. @देवबागची_रेती, 'पाणी मारतो' म्हणजे नेमकं कसं? नळी फ्लश कनेक्टरला (इंजिन आतून धुण्याच्या जोडणीला) जोडता की नुसतं वरून मारता? आधी नळ सोडता की आधी इंजिन सुरू करता? आणि पाणी कुठलं?

देवबागची_रेती
कनेक्टरलाच जोडतो. नळ सोडायचा, पाणी मागून येऊ लागलं की इंजिन सुरू, पाच मिनिटं चालवायचं, बंद करायचं, मग नळ बंद. सगळेच असं करतात. पाणी विहिरीचं, मोटर लावून.

पंप_आणि_सील
इथेच चुकतंय. क्रम उलटा हवा. आधी इंजिन सुरू करायचं आणि लगेच नळ सोडायचा. शेवटी आधी नळ बंद, मग इंजिन बंद.
कारण असं की इंजिन बंद असताना आत येणाऱ्या पाण्याला बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा दाब नसतो. ते वॉटर बॉक्समध्ये (एक्झॉस्टच्या वाटेवरच्या डब्यात) साचतं, चढतं आणि उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. विहिरीच्या मोटरचा दाब जास्त असेल तर आणखी लवकर. पाणी थोडं असेल तर तीन महिन्यांत रिंगा सिलिंडरला गंजून धरतात. जास्त असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, इंजिन जागच्या जागी अडतं आणि जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमचा 'टक्' बॅटरीचाही असू शकतो, अर्थिंगची वायर गंजल्याचाही असू शकतो, पण बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही बदलून फरक पडला नाही म्हणजे इंजिन फिरतच नव्हतं.

चिवला_४
मी तर सांगेन, पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून फिरवा. क्षार साफ निघतात.

पंप_आणि_सील
व्हिनेगर चुन्याचे थर विरघळवतं. मीठ साध्या गोड्या पाण्यातच विरघळतं, त्यासाठी आम्ल लागत नाही. अॅल्युमिनियमच्या खोबणीत आम्ल राहिलं तर नवीनच दुखणं. कृपया करू नका.

खाडीकाठ
विहिरीचं पाणी आधी चाखून बघा. देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली खाडीमधली चिंचोळी पट्टी, मे अखेरीस पाणी मचूळ होतं. मचूळ पाण्याने धुणं म्हणजे मिठाने मीठ धुणं. या शेवटच्या वेळेपुरता टँकर किंवा नळयोजनेचं पाणी पिंपात भरून घ्या.

देवबागची_रेती
मचूळ आहे थोडं. बरं, टँकर सांगतो. आता पुढचं सांगा. पेट्रोल काढून टाकू का?

गोंयचो_दर्यो
हो, पूर्ण काढा. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी रिकामी तर प्रश्नच मिटला.

खाडीकाठ
फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकी पूर्ण रिकामी होत नाही. तळाला लिटरभर उरतं आणि वर ६९ लिटर दमट हवा, म्हणजे त्या लिटरभर पेट्रोलला ओलावा ओढायला मोकळं रान. शिवाय टाकीतला पंप आणि त्याची गाळणी उघडी पडते. टाकी ९५ टक्के भरा, स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होऊ न देणारं औषध) घाला. बाटलीवरचं प्रमाण पाळा, नेहमीच्या लाल स्टॅबिलायझरला साधारण १० लिटरला ३० मिली पडतं, म्हणजे या टाकीला २०० मिली. आधी स्टॅबिलायझर, मग पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं. मग तराफ्यापाशी पाण्यातच दहा मिनिटं चालवा, नाहीतर औषध टाकीतच राहतं आणि इंजेक्टरमध्ये जुनं पेट्रोल.

गोंयचो_दर्यो
मांगरात दोन टाक्या मिळून १३० लिटर पेट्रोल, आणि कोणी चूल पेटवली तर? आणि ई२० वेगळं झालं की पाणी-अल्कोहोलचा थर तळाला बसतो, नेमका पंप ओढतो तिथे.

खाडीकाठ
आगीचा मुद्दा मान्य. चूल, खोबरं वाळवण्याचा धूर किंवा वेल्डिंग मांगरात असेल तर टाक्या भरू नका. थराचं म्हणाल तर ई२० ला वेगळं व्हायला ई१० पेक्षा जास्त पाणी लागतं, आणि भरलेल्या टाकीत तेवढी दमट हवाच शिरत नाही. आग नसलेली जागा असेल तर भरलेलीच ठेवा.

देवबागची_रेती
मांगरात चूल नाही. नारळ आणि जाळी आहेत फक्त.

मासेमार_९
माझ्या होडीच्या टू-स्ट्रोक ओबीएमला (आउटबोर्ड मोटरला) पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवतात. तुम्हीही तसंच करा.

पंप_आणि_सील
ते कार्बोरेटरसाठी ठीक आहे. व्हीएक्सला इंजेक्शन आहे, तसं कोरडं चालवलं तर इंधन पंप तापतो.

तर क्रम असा. आधी खाडीकाठ यांनी सांगितलेलं स्टॅबिलायझरचं काम पाण्यात असतानाच उरका. मग ट्रॉलीवर घेऊन, इंजिन गरम असताना ऑइल बदला. खाली ड्रेन शोधू नका, डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने खेचायचं. जुन्या ऑइलमधली आम्लं आणि ओलावा तीन महिने बेअरिंगवर बसू देऊ नका. फिल्टरही बदला, १०डब्ल्यू-४० भरा. काढलेलं ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, तिथेच थांबा आणि इथे लिहा.

मग गोड्या पाण्याचा फ्लश, वरच्या क्रमाने, मंद वेगावर तीनेक मिनिटं. नळ बंद केल्यावर थ्रॉटलचे छोटे झटके देऊन वॉटर बॉक्समधलं पाणी फेकायचं, १० ते १५ सेकंद. त्याहून जास्त नाही, पाण्याविना रबरी एक्झॉस्ट नळ्या जळतात.

इंजिन थंड झालं की तिन्ही इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडवा, स्पार्क प्लग काढा, प्रत्येक छिद्रात फॉगिंग ऑइलचा (सिलिंडर गंजू न देणाऱ्या तेलाचा) दोन-तीन सेकंद फवारा. छिद्रांवर फडकं टाकून स्टार्टरला एक-दोन सेकंदांचा झटका द्या, म्हणजे तेल सगळीकडे पसरेल. छिद्रातून पाण्याचा थेंब उडाला तर गेल्या वर्षीचं उत्तर मिळालं. इंधनाचा वास जाईपर्यंत सीट उघडी हवी, आसपास विडी नको.

इंटरमीजिएट हाऊसिंगच्या (इंजिन आणि जेट पंपामधल्या शाफ्टच्या बेअरिंगच्या) निपलला ग्रीस ६ ते ८ सीसी. दाबून भरलं तर सील बाहेर येतं.

चिवला_४
इंजिनावर डिझेल फवारलं तर गंज चढत नाही. इथे सगळे मारतात.

खाडीकाठ
डिझेलने रबरी नळ्या आणि वायरींची आवरणं फुगतात. गंजरोधक मरीन स्प्रे घ्या, आणि इलेक्ट्रिक कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस. सर्वसाधारण पातळ स्प्रे पाणी हटवतो, पण त्याचा थर तीन महिने टिकत नाही.

मासेमार_९
आणि विम्याचं? बंद काळात हप्ता कमी होतो का?

ह्यूस्टनकर
विम्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मिसळू नका.
बॅटरी काढून घरात ठेवा, आधी निगेटिव्ह सोडवा. चार्ज करून काही वेळ नुसती ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या वर हवी. १२.४ च्या खाली गेली की पत्र्यांवर सल्फेट बसतं. महिन्यातून एकदा २ अँपिअरने चार्ज करा. कोकणात वीज जाते म्हणून मेंटेनरवर (सतत जोडून ठेवायच्या चार्जरवर) विसंबू नका, तारीख लिहून ठेवा.

गोंयचो_दर्यो
त्याऐवजी दर आठवड्याला दोन मिनिटं इंजिन सुरू केलं की बॅटरीही चार्ज राहते.

पंप_आणि_सील
हे मात्र अजिबात नको. पाण्याविना १५ सेकंद हीच मर्यादा आहे. पाणी जोडून चालवलं तरी दोन मिनिटांत ऑइल तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी आतच राहतं, आणि सिलिंडरवरचं फॉगिंग ऑइल धुऊन जातं. एकदा बंद केली की सप्टेंबरपर्यंत बंद.

खाडीकाठ
ठेवण्याबद्दल. बिल्जमध्येही (आतल्या तळाशीही) गोडं पाणी ओता, गाळणीतली वाळू काढा, मागचे दोन्ही ड्रेन प्लग काढून हँडललाच बांधा. आठवणीवर ठेवलेले प्लग सप्टेंबरात विसरतात आणि गाडी किनाऱ्यावरच बुडते. पुढचं नाक थोडं वर. सीटखाली लाकडाचा तुकडा घालून फट ठेवा. ताडपत्री गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती किंवा हवा जाणारं कव्हर, वर झावळ्यांचं छप्पर असेल तर उत्तम.
नारळ असलेल्या मांगरात उंदीर असणारच. एक्झॉस्टचं तोंड आणि हवेचा मार्ग तांब्याच्या किंवा स्टेनलेसच्या जाळीने बंद करा. साधी स्टील वूल नको, ती गंजून आत झडते. काय कोंबलंय ते हँडलला चिठ्ठी लावून लिहा. ट्रॉलीची चाकं जमिनीपासून उचला, हबमध्ये ग्रीस भरा.

देवबागची_रेती
आज एकीचे स्पार्क प्लग काढले. आधी कॉइल सोडवून झटका दिला, दोन नंबरच्या छिद्रातून पाण्याचे चार-पाच थेंब उडाले. ऑइल काळं आहे, दुधाळ नाही. तीच गाडी जी गेल्या वर्षी अडली होती. आता काय करू?

पंप_आणि_सील
ऑइल दुधाळ नाही हे चांगलं. प्लग बाहेर ठेवूनच आणखी चार-पाच झटके द्या, पाणी यायचं थांबेपर्यंत. मग तिन्हींत फॉगिंग ऑइल, पुन्हा एक झटका, आणि रात्रभर तसंच ठेवा. उद्या प्लग लावून टँकरच्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. इंजिन आधी, नळ नंतर. त्यानंतर ऑइल बदला, पुन्हा फॉगिंग करा. सुरू होताना खट्-खट् आवाज आला तर लगेच बंद करून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या, तिन्ही सिलिंडरचे आकडे इथे टाका.