मदत हवी आहे: मुलींचा हक्कत्याग आणि थिअरीची निवड

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यात पीएचडीचं फील्डवर्क करतेय. वडिलांच्या घरा-बागायतीतला वाटा मुली भावांच्या नावे का सोडतात, हा विषय. गोव्यात मुलींचा समान हक्क जुनाच. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली. वारशाचा भाग आता २०१२ च्या कायद्यात आहे. तरी हक्कत्यागाचे दस्त होतच असतात.

मुलाखती बऱ्याच झाल्या. आता मार्गदर्शक विचारतात, "थिअरी कुठली?"

अमेरिकन कायदेतज्ज्ञ रॉस्को पाउंड यांनी १९१० मध्ये मांडलेला पुस्तकातला कायदा आणि व्यवहारातला कायदा हा फरक घेतला, तर सही करणारी प्रत्येक बाई नुसती वंचित ठरते. मला ते पटत नाही. एक ताई म्हणाल्या, "वाटा मागितला असता तर चवथीचं वजें कोणी आणलं असतं?" (वजें म्हणजे गणेशचतुर्थीला माहेरहून येणारी भेट.) हा हिशेब त्या चौकटीत बसत नाही.

दुसरी गोष्ट दस्तांतच दिसते. बाईच्या सहीशेजारी नवऱ्याचीही सही असते, कारण वेगळा करार नसेल तर इथे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, वारशाने आलेलीसुद्धा. मग भाऊ म्हणतात, "वाटा बहिणीला कुठे, जावयाला जातो." म्हणजे रूढीच्या बाजूचा युक्तिवाद कायद्यातूनच निघतो! कायदा विरुद्ध रूढी असं चित्र इथे टिकतच नाही.

मानववंशशास्त्रज्ञ सॅली फॉक मूर यांची १९७३ ची 'अर्धस्वायत्त सामाजिक क्षेत्र' ही कल्पना मला जास्त जवळची वाटते. कुटुंबासारखा गट स्वतःचे नियम करतो, पाळायला लावतो, पण बाहेरच्या कायद्याचा परिणामही त्याच्यावर होतो. भीती एकच, यात बायकांवरचा दबाव 'कुटुंबाचा नियम' म्हणून सौम्य दिसायला नको.

मुलाखतींनंतर निवडलेली थिअरी परीक्षक मान्य करतात का? ती नुसती शोभेला राहू नये म्हणून माझा विचार असा: ज्यांचं माहेर आधीच तुटलंय, अशा बायकांना आता भेटायचं. मूर बरोबर असतील तर गमावण्यासारखं काही नसल्याने त्या वाटा मागतील. त्यांनीही मुकाट सह्या केल्या असतील, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

एवढी कसोटी पुरेशी आहे का? आणि इन्व्हेंटरीचा (वारसांत मालमत्ता वाटण्यासाठी कोर्टात चालणारा) दावा लावून वाटा घेतलेल्यांना याच नमुन्यात घ्यावं की वेगळं प्रकरण करावं? कोणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.