कॅबिनेट शिफ्ट केल्यावर जुना कॅलिब्रेशन स्टिकर चालतो का?

महापेची_मायक्रोवाली:
नमस्कार मंडळी, आमची छोटी मायक्रो लॅब दिवाळीनंतर वागळे इस्टेटमधून महापेला आली. बायोसेफ्टी कॅबिनेट (जंतूंचं काम करायची, फिल्टर केलेल्या हवेची पेटी; क्लास टू, टाईप ए टू, आमच्याकडे सगळे लॅमिनारच म्हणतात) टेम्पोत घालून आणलं, मी स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होते. स्टिकर मार्चपर्यंतचा आहे म्हणून कोणी परत टेस्ट केली नाही. आता आत ठेवलेल्या सेटल प्लेटवर (हवेतले जंतू पकडायला उघडी ठेवतात ती बशी) ३-४ कॉलनी येतायत, एक तर हिरवट बुरशी. मॅग्नेहेलिकचा (कॅबिनेटवरचं गोल मीटर) काटा मात्र आधी होता तिथेच १० मिमीवर, त्यामुळे साहेब म्हणतात फ्लो बरोबर आहे, तुमच्या मुलांनाच हात धुवायला शिकवा. व्हेंडर म्हणतो दोन्ही फिल्टर (आत हवा सोडणारा सप्लाय आणि बाहेर सोडणारा एक्झॉस्ट) बदला, न बघताच. कोटेशन वाचून साहेबांनी चष्मा काढून ठेवला. काय करू?

फिल्टरवाला_ठाणे:
ताई, तो स्टिकर वागळेतच संपला. एनएसएफ ४९ (या कॅबिनेटचं अमेरिकन स्टँडर्ड) प्रमाणे कॅबिनेट बसवल्यावर, जागा बदलल्यावर, फिल्टर बदलल्यावर आणि एरवी वर्षातून एकदा टेस्ट करायचीच. टेम्पोच्या धक्क्यात हेपा फिल्टरची (बारीक कण, जंतू अडवणारा तो) गॅस्केट सरकते नाहीतर कडेचा गोंद तडकतो, हे मी वीस वेळा तरी बघितलंय.

आणि साहेबांना सांगा, काटा प्रेशर दाखवतो, वेग नाही. फिल्टर चोंदत गेला की काटा हळूहळू चढतो, त्यासाठीच तो. बारीक लीक असेल तर तो जागचा हलणारसुद्धा नाही. लीक शोधायला पीएओ टेस्ट लागते, म्हणजे फिल्टरच्या मागे तेलाचा धूर सोडायचा आणि पुढून फोटोमीटरचा प्रोब इंच इंच फिरवायचा, कुठेही ०.०१ टक्क्याच्या वर गेलं की फेल. सोबत समोरच्या फटीतला इनफ्लो (आत शिरणारी हवा) मोजून घ्या, ए टू ला किमान १०० फूट प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. डाऊनफ्लो (वरून खाली येणारी हवा) कंपनीच्या आकड्याशी ताडून बघायचा, शेवटी स्मोक टेस्ट, म्हणजे धूर सोडून हवा कुठे जाते ते बघायचं. रिपोर्टमध्ये नुसतं 'पास' लिहिलेलं घेऊ नका, प्रत्येक पॉइंटचं रीडिंग मागा. पीएओ न करता दोन्ही फिल्टर बदला म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

तुर्भे_क्यूसी:
वरचं सगळं बरोबर, पण आधी मान वर करून एसीची जाळी कुठे आहे ते बघा. आमचं कॅबिनेट नव्या रूममध्ये नेमकं स्प्लिट एसीच्या तोंडाशी ठेवलं होतं, इंटिरियरवाल्याला तिथेच प्लग पॉइंट सापडला ना! दुपारी एसी फुल केला की लो फ्लोचा अलार्म कोकलायचा. दाराच्या येण्याजाण्याच्या वाटेवरही नको. फटीबाहेर अगरबत्ती धरली की धूर आत जातो का बाहेर पळतो ते दिसतं, पण ही टेस्ट नव्हे, नुसता अंदाज, आणि आत तर अजिबात नेऊ नका. अजून एक, पुढच्या जाळीवर टिश्यू, रजिस्टर, कोपर काही ठेवत नाही ना कोणी?

जुना_टेक्निशियन:
लॅमिनार म्हणू नका हो, आडव्या लॅमिनारमध्ये हवा थेट तुमच्या तोंडावर येते, पेशंटचं सॅम्पल त्यात उघडलंत तर झालंच. यूव्हीच्या भरवशावर पण राहू नका, नळीवर धूळ बसली की नुसता निळा उजेड. हायपोने (ब्लीच) पुसलंत तर नंतर पाण्याने पुसा, स्टीलला खड्डे पडतात. आणि फिल्टरच्या बोल्टला हात लावायच्या आधी फ्युमिगेशन (वाफेने जंतू मारणं), आतला प्लेनम (फिल्टरमागची हवेची पोकळी) घाणच समजायचा.

महापेची_मायक्रोवाली:
अपडेट देते. दुसऱ्या माणसाला बोलावलं, पीएओमध्ये सप्लाय फिल्टरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात गॅस्केटला लीक निघाली, एक्झॉस्ट फिल्टर ठणठणीत. रात्रभर फॉर्मेलिनचं फ्युमिगेशन, सकाळी अमोनियाने न्यूट्रल केलं, मग बोल्ट आवळले आणि परत स्कॅन केलं, पास, रीडिंगसकट. एसीची झडप पण भिंतीकडे वळवलीय. कालच्या प्लेट कोऱ्या आहेत. साहेबांना दाखवल्या तर म्हणाले, बघ, मुलं हात धुवायला लागली.

फिल्टरवाला_ठाणे:
😂 स्टिकरवर नवी तारीख आणि नवी जागा दोन्ही लिहून घ्या ताई.