वर्गात काय चाललंय ते पालकांनी विचारायचंच नाही का?

सुरंगी
परवा इथे 'द्विशिक्षकी' सरांनी लिहिलेलं वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पालकांना रोज ग्रुपवर फोटो हवे असतात, शाळा म्हणजे बातम्यांचं चॅनेल नव्हे, ज्यांना मुलांची काळजी आहे त्यांनी पालकसभेला यावं, सभेला येतात चार बाया आणि ग्रुपवर बोलतात चाळीस जण.

सर, आमच्या गावातल्या त्या चार बायांमधली एक मी आहे. एकही सभा चुकवलेली नाही. तिथे काय होतं ते सांगते. पोषण आहाराचा तांदूळ किती आला, गणवेशाचं माप कधी घेणार, आधार कार्डावरचं नाव हजेरीपटाशी जुळत नाही ते कुणी दुरुस्त करायचं, २६ जानेवारीचा खाऊ कुणाकडून. दीड तास. माझी मुलगी वाचते कशी, याबद्दल त्या दीड तासात एक शब्द नाही.

गेल्या वर्षी ती दुसरीत होती. रोज संध्याकाळी धडा वाचून दाखवायची, घडाघडा. मी भाकऱ्या थापता थापता ऐकायचे आणि खूश व्हायचे. मार्चमध्ये एकदा सहज शेजारी जाऊन बसले, तर बोट एका ओळीवर आणि तोंड भलत्याच ओळीवर. अख्खा धडा पाठ होता तिला! मधलंच एक वाक्य उघडं ठेवून बाकीचं हाताने झाकलं, तर 'विहीर' लागेना. वि, मग थांबली, मग माझ्या तोंडाकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "हो, दिवाळीपासूनच लक्षात आलंय माझ्या." दिवाळीपासून! आणि प्रगतिपुस्तकात नोंद काय, तर 'वाचनात रुची घेते'.

मला फोटो नकोत. आठवड्याला एक ओळ हवी, वर्गात काय झालं आणि माझं मूल कुठे अडलंय. हे मी उपकार म्हणून मागत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २४ वाचा. पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती त्यांना सांगणं हे शिक्षकाच्या कर्तव्यांत लिहिलेलं आहे.

द्विशिक्षकी
ताई, कलम मलाही पाठ आहे. त्याच कायद्यात कलम २७ पण आहे, शिक्षकाला शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत म्हणून. ते कोण पाळतं?

माझी शाळा पहिली ते चौथी, पट १४, शिक्षक दोन. मुख्याध्यापकाचा पदभार माझ्याकडे. सकाळी गेल्यावर आधी हजेरी, मग आहाराची नोंद, चव रजिस्टर, ऑनलाइन माहिती. स्वयंपाकाच्या ताई आजारी असल्या की डाळीला फोडणी मीच देतो. दुसरे शिक्षक मतदार याद्यांच्या कामाला, म्हणजे चारही वर्ग माझ्यापुढे. शाळेत रेंज नाही. विहिरीच्या कठड्यापाशी एक दांडी येते, तिथे उभं राहून माहिती भरायची. अशात रात्री साडेदहाला मेसेज, 'सर आज बंड्याचा फोटो दिसला नाही.' मी काय उत्तर देऊ?

फोटोंचा सोस पालकांनीच आणला असंही नाही. २०१६ च्या शेवटी दर सोमवारी मुलांसोबत सेल्फी काढून अपलोड करायचा आदेश आमच्यावर आला होता, आठवतं का? तेव्हापासून शिकवल्यापेक्षा शिकवल्याचा पुरावा मोठा झालाय.

सुरंगी
निवडणूक आणि जनगणना ही कामं कलम २७ मध्येच अपवाद म्हणून दिलेली आहेत, सर. अर्धं कलम सांगू नका. कामाचा बोजा आहे हे खरं, मान्य. पण तो बोजा माझ्या मुलीने का उचलायचा?

रापणकर
फोटो नकोत, फोटो नकोत, हे दोघंही किती सहज म्हणता. मी ट्रॉलरवर असतो. आमची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. त्यातले पहिले पंधरा दिवस शाळेलाच सुट्टी. म्हणजे वर्षातला दीड महिना मी पोराला शाळेत पोचवतो, बाकी सगळं फोनवर. बंदराजवळ आलो की रेंज येते आणि एकदम फोटो पडतात. गेल्या नोव्हेंबरात एक आला, पोरगा फळ्यापाशी उभा, हातात खडू, ७ आकडा उलटा काढलेला. डेकवर सगळ्यांना दाखवला. घरी फोन लावून म्हटलं, सात उलटा काढतोय, बघा. फोटो नसता तर मला कळलं असतं?

खाडीपलीकडची
तुमचं दुःख कळतं दादा, पण दुसरी बाजू ऐका. आमच्या ग्रुपवर वर्गाचा फोटो आला, तो कुणीतरी पुढे पाठवला, मुंबईला नणंदेकडे पोचला. तिचा फोन : "पोरीच्या पायात चप्पल का नाही? एवढी परिस्थिती आली काय?" अहो, वर्गात सगळीच मुलं अनवाणी बसतात, चपला दाराबाहेर ओळीत काढलेल्या असतात! तिला समजावता समजावता माझं डोकं फिरलं. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला तो वेगळाच.

मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय वापरू नये असं २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही सांगतो. आम्हाला कुणी विचारलं नाही. ग्रुपात कोण कोण आहे, ते तरी गुरुजींना ठाऊक आहे का?

माडाखाली
तुम्ही सगळे फांद्या छाटताय. मूळ दुखणं वेगळं आहे. शिक्षकाला मुलाची भाषाच कळत नसेल तर तो कळवणार काय? आमच्याकडे कोकणात शिक्षक येतात बाहेरच्या जिल्ह्यांतून. रुळेपर्यंत आंतरजिल्हा बदलीचा अर्ज तयार. गेले की जागा रिकामी.

माझा भाचा पहिलीत. वर्गात म्हणाला, "गुरुजी, माका वायंच बरा नाय." गुरुजींना त्यातलं 'बरा' तेवढं ऐकू आलं. म्हणाले, "बरं आहे ना? मग बस." दुपारी पोरगं घरी आलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं. माझ्या बहिणीने डी.एड. केलंय. मालवणी तिला येते, मुलं ओळखीची, शाळा घरापासून दहा मिनिटांवर. ती काजूच्या कारखान्यात गर सोलते. मग राग येणार नाही?

घाटावरून
हे मी गप्प बसून वाचणार नव्हतो, पण आता लिहितोच. मी मराठवाड्यातला. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर गुणवत्तेने लागलो, कुणाच्या ताटातलं काढून घेतलं नाही. पहिला पावसाळा कौलं गळणाऱ्या खोलीत काढला. बायको तिकडे, आई तिकडे. बदली मागितली तर मी कोकणाचा शत्रू?

भाषा येत नव्हती, खरंय. हजेरीच्या वहीमागे शब्द लिहून ठेवायचो. वायंच म्हणजे थोडं, चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा. एक मुलगी म्हणाली, "मी पेज जेवान इलंय." मी पुस्तकाचं पान समजलो, वर्ग हसला. हे सगळं मला तिसरीच्या पोरांनी शिकवलं. तुमच्यासारख्या मोठ्या माणसांनी वर्षभरात एकदा तरी शाळेची पायरी चढून सांगितलं का, गुरुजी, आमची मुलं असं बोलतात?

माडाखाली
पायरी चढायला बोलावलं कधी? तुम्ही शब्द लिहून घेतलेत, चांगलं केलंत. सगळे घेत नाहीत. आणि तुम्ही गेल्यावर ती वही पण तुमच्याबरोबर जाणार. पुढच्या गुरुजींनी पुन्हा 'वायंच' पासून सुरुवात.

घाटावरून
वही शाळेत ठेवून जाईन. पण भरती राज्याच्या यादीतून होते, ती मी ठरवली नाही. भांडायचं तिथे भांडा. तुमच्या भाच्याच्या गुरुजींचं चुकलं. पोराच्या कपाळाला हात लावायला भाषा लागत नाही, एवढं मी मान्य करतो. बास.

द्विशिक्षकी
स्थानिक आणि बाहेरचे हा वाद इथे मिटणार नाही, वेगळा धागा काढा. मी स्थानिक आहे, तरी पालकांना काही कळवत नाही हा आरोप माझ्यावर आहेच.

सुरंगी
हो, परत मूळ मुद्द्यावर या. माडाखाली दादांच्या बोलण्यातलं एक मात्र मला लागलं. आमच्या वर्गातल्या पाच मुलांचे आईबाप मुंबईला. मुलं आजीकडे. ग्रुपवर मेसेज येतो 'डिअर पॅरेंट्स, टुमारो इज यलो डे', तोही इंग्रजी अक्षरांत. शेजारची आजी फोन घेऊन माझ्याकडे आली : "बाय, ह्या काय लिवलाहा? माझ्या नातीन शाळेत काय केल्यान, ता माका कोण सांगतलो?" पिवळा झगा नव्हता म्हणून ती नात दुसऱ्या दिवशी शाळेतच गेली नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात म्हणे. त्यात ही आजी कुठे बसते?

खाडीपलीकडची
आवाजात सांगावं ना मग. दोन मिनिटं बोलायचं, फोटो नाही, टायपिंग नाही.

द्विशिक्षकी
सुरंगीताई, तुमच्या मुलीचं वाचून मी काल माझ्या दुसरीच्या तीन मुलांना मधलं वाक्य झाकून वाचायला लावलं. तिघांतला एक पाठ म्हणत होता. माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं. त्याच्या आजोबांना संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं. बरं वाटलं नाही सांगताना.

रोज काही पाठवणार नाही, हे कायम आहे. दर शुक्रवारी सुटताना दारातल्या फळ्यावर आठवड्यात काय शिकवलं ते लिहीन. कुणाचं काय अडलंय ते फळ्यावर लिहिणार नाही, चारचौघांत मुलाचा पाणउतारा होतो. ते ज्याच्या त्याच्या घरी आवाजात पाठवीन, मालवणीत. १४ मुलं आहेत म्हणून जमेल, ६० असती तर जमलं नसतं, हे तुम्ही पण लक्षात ठेवा. आणि संध्याकाळी सातनंतर मी उत्तर देणार नाही.

सुरंगी
सातनंतर विचारणाऱ्याला आधी मी झापते. हा धागा आमच्या बाईंना पाठवतेय, नाव न घेता. मुलगी तिसरीत गेली, आता अडखळत का होईना, खरं वाचते.

रापणकर
सर, त्या फळ्याचा फोटो तरी टाका. मुलं बाजूला उभी करून काढा.