सोसायटीच्या पूलमधलं क्लोरीन बंद करायचं आहे, पर्याय सांगा (नागपूर)

बेसा_बायपास:
मदत हवी आहे, लवकर. आमच्या पूलमध्ये इतकं क्लोरीन ओतून राहिले की गेटपाशीच वास येतो. पोरीचे डोळे लाल, अंगाला खाज, नव्या स्विमसूटचा रंग उडाला. पूलवाला म्हणतो, टाकावंच लागते. रविवारी मीटिंग आहे, तिथे क्लोरीन पूर्ण बंद करायचा ठराव मांडतो. त्याऐवजी ओझोन वगैरे काय चालते आणि खर्च किती? "गॉगल लावा" सांगू नका, लावते ती.

तर्री_पोहा:
भाऊ, पूल उघडा का छताखाली? पाणी नळाचं का बोअरचं? पावडर टाकतात, गोळ्या का द्रव? पीएच किती? आधी हे सांगा ना बाप्पा.

बेसा_बायपास:
क्लोरीनच टाकतात हो, पांढरं असते. पूल उघडाच आहे. पर्याय विचारला आहे मी.

वर्धारोडवाला:
सॉल्ट सिस्टीम लावा. आमच्याकडे लावली, क्लोरीनची झंझटच संपली.

ओली_चप्पल:
संपली कशी? मिठाच्या पाण्यातून वीज नेऊन ते यंत्र क्लोरीनच तयार करते. फक्त डबा दिसत नाही.

वर्धारोडवाला:
तुम्ही पोहून पाहिलं का आमच्याकडे? नाही ना.

गावची_विहीर:
आम्ही उभा जन्म विहिरीत पोहलो, काही झालं नाही. तुरटी फिरवा, कडुलिंबाचा पाला टाका.

तर्री_पोहा:
काका, त्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. तेही क्लोरीनच.

ओली_चप्पल:
मी हॉटेलचा पूल सांभाळला आहे, म्हणून सांगते. नाकात जाणारा तो वास बहुतेक वेळा क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी, अंगाचं तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो तयार होतो. डोळे तोच जाळतो. म्हणजे मोकळं क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक उरलेलं) कमी पडत असण्याची शक्यता जास्त. पूलवाल्याकडे किट कोणतं आहे? थेंब टाकल्यावर पिवळं होणारं असेल तर ते एकूण क्लोरीन दाखवते, मोकळं किती ते कळत नाही. गुलाबी होणारं डीपीडी किट घ्या. मोकळं १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग), पीएच ७.२ ते ७.८ हवा.

कूलर_प्रेमी:
विषय निघालाच आहे तर, कूलरच्या टाकीत ब्लीचिंग टाकलं तर वाळ्याचा वास जाईल का?

तर्री_पोहा:
वासाचं सोडा, पत्र्याची टाकी असेल तर गंजेल.

बेसा_बायपास:
कूलरसाठी वेगळा धागा काढा राजेहो! आत्ता खाली जाऊन पाहिलं. ड्रमवर टीसीएल लिहिलं आहे, पाणी बोअरचं, किट पिवळंवालं. पीएचचा रंग जांभळट, तक्त्यातल्या शेवटच्या ८.२ च्याही पुढे. टाइल्सवर पांढरा थर.

ओली_चप्पल:
मग सापडलं. पीएच ८ च्या पुढे गेला की क्लोरीनचा जेमतेम पाव हिस्सा कामाचा उरतो. ७.२ ला दोन तृतीयांश. टीसीएल पीएच वर नेते आणि कॅल्शियमही घालते, त्यात बोअरचं जड पाणी. वरून मे महिन्यातलं ऊन. स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) नसेल तर तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरीन उडते. म्हणून डोस सूर्य मावळल्यावर द्या. पीएच उतरवायला ॲसिड लागेल, पण ॲसिड आणि पावडर एका बादलीत कधीच नाही. विषारी वायू निघतो.

वर्धारोडवाला:
एवढं करण्यापेक्षा ओझोन लावा, विषय खतम.

ओली_चप्पल:
ओझोन आणि यूव्ही (अतिनील किरण) यंत्रातून जाणारं पाणी स्वच्छ करतात, पूलमध्ये मागे काही ठेवत नाहीत. एखाद्या पोरानं पाण्यात घाण केली तर शेजारच्याला वाचवणार कोण? थोडं क्लोरीन लागतेच. क्लोरीनलाही मर्यादा आहेत, नाही म्हणत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा जंतू नेहमीच्या क्लोरीनमध्ये आठवड्याहून जास्त तग धरतो, तिथे यूव्ही कामाचा. बंद छताखाली तर क्लोरामाइनची हवा दम्याच्या लोकांना फार त्रास देते.

बेसा_बायपास:
म्हणजे मी मीटिंगमध्ये "आणखी क्लोरीन टाका" म्हणू? लोक मारतील मले.

तर्री_पोहा:
तसं नका म्हणू. "आंघोळ केल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही" म्हणा. त्यावर जास्त भांडण होईल.

गावची_विहीर:
कडुलिंबाचं कोणी मनावरच घेत नाही.

बेसा_बायपास:
ठीक. ठरावात डीपीडी किट, ॲसिड आणि शॉवर टाकतो, क्लोरीन बंदीचं सोडून देतो. पण ओझोनच्या खर्चाचा आकडा अजून एकानंही दिला नाही. कमिटी तोच विचारणार.