पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला ठरत नाही

माहीमकर
खेळ सुरू असताना संगणक मध्येच बंद पडतो, काय करावे, असे काल इथे एकाने विचारले होते. त्यावर एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या, चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला पेपरक्लिपने जोडावी आणि पंखा फिरला तर एसएमपीएस निर्दोष समजून मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य बोर्ड) बदलावा, असा सल्ला दुसऱ्या एका सदस्याने दिला आहे. तो वाचून कोणी खरोखरच मदरबोर्ड विकत आणला, तर त्या खर्चाला जबाबदार कोण? हिरवी तार ग्राउंडला, म्हणजे काळ्या तारेला, जोडली की सप्लाय सुरू होतो, एवढेच त्या प्रयोगातून कळते. पंखा अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाहावर फिरतो, तर एखादे ग्राफिक्स कार्ड खेळ सुरू होताच १२ व्होल्टच्या लाइनवरून पंधरा-वीस अँपिअर ओढते. शिवाय हल्ली अनेक सप्लायच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. तिथे हिरवी तार शोधणारा माणूस भलतीच पिन जोडून बसेल.

तपासणी करायची तर संगणक चालू ठेवून, भार देऊन, म्हणजे जड काम करायला लावून, करावी. एटीएक्स या सप्लायच्या प्रमाणकाच्या ३.० आवृत्तीपूर्वीच्या नियमाप्रमाणे १२ च्या लाइनवर ११.४ ते १२.६ आणि ५ च्या लाइनवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. रिकाम्या बसलेल्या मशीनवर १२.१ दाखवणारा मल्टिमीटर खेळ सुरू होताच ११.३ वर आला, तर आणखी पुरावा कशाला हवा?

लॅमिंग्टन रोडचा दुरुस्तीवाला
पेपरक्लिपविषयी तुमचे म्हणणे रास्त आहे; मल्टिमीटरविषयी नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. १२ च्या लाइनवर १२० मिलिव्होल्टपर्यंतच रिपल, म्हणजे व्होल्टेजचा झपाट्याने होणारा चढउतार, चालतो. सप्लायमधले वीज साठवणारे कपॅसिटर सुकले की तो कितीतरी वाढतो, आणि तरीही मल्टिमीटरच्या पडद्यावर १२.० हाच आकडा स्थिर दिसत राहतो. तो रिपल पाहायला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे यंत्र) लागतो आणि तो घरोघरी नसतो. त्यातून चालू मशीनमध्ये प्रोब खुपसताना हात घसरला, तर एसएमपीएस राहील बाजूला आणि मदरबोर्ड जाईल. आमच्याकडे आम्ही खात्रीचा दुसरा सप्लाय लावतो आणि मशीन तासभर भाराखाली चालवतो. घरगुती ग्राहकासाठी याहून सरळ परीक्षा नाही.

गिरगाव, दुसरा मजला
ही सरळ परीक्षा मला फार महागात पडली. एका दुकानात माझा सप्लाय बदलून पाहिला गेला. जुना मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या करता येणारा होता, नवाही तसाच होता, म्हणून कारागिराने आतल्या केबली तशाच ठेवल्या आणि त्यांची टोके नव्या सप्लायमध्ये खोचली. बटण दाबताच करपल्याचा वास आला आणि माझ्या दोन्ही हार्ड डिस्क गेल्या. एकीत वडिलांच्या साठीचे सगळे फोटो होते. सप्लायच्या बाजूच्या सॉकेटमधली पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते, प्लग बसला म्हणून केबल चालत नाही, हे ज्याला माहीत नाही त्याने दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये.

लॅमिंग्टन रोडचा दुरुस्तीवाला
एका निष्काळजी माणसाच्या चुकीसाठी आमच्या रस्त्यावरच्या सगळ्याच दुकानांना दोषी धरू नका. सप्लाय बदलायचा तर त्याच्या केबलींसकट बदलायचा, हे आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी शिकवतात.

डोंबिवलीचा वायरमन
तुमच्यापैकी एकानेही अर्थिंगचा विषय काढलेला नाही, याचे मला वाईट वाटते. "कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, एसएमपीएस गेला का?" असे विचारणारे मला नेहमी भेटतात. सप्लायच्या आत फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्यापासून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटवर २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. नवा सप्लाय आणला तरी झिणझिण्या तशाच राहतात. लोक प्लगची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात घालतात आणि दोष सप्लायला देतात.

गिरगाव, दुसरा मजला
आमची इमारत पागडीची आहे. घरमालक वायरिंगला हात लावत नाही आणि भाडेकरूंचे आपसात एकमत होत नाही. आम्ही अर्थिंग आणायचे कुठून?

डोंबिवलीचा वायरमन
परवानाधारक माणसाकडून निदान एका सॉकेटपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट दिसले की लोक निर्धास्त होतात, पण काही महाभाग सॉकेटच्या आतच त्या दोन्ही तारा जोडून ठेवतात. तिथे माप अगदी छान येते आणि ज्या दिवशी न्यूट्रल तुटतो त्या दिवशी पूर्ण दाब कॅबिनेटवर येतो. म्हणून सॉकेट उघडून पाहायला लावा.

माहीमकर
माहिती मोलाची आहे, परंतु अर्थिंग नाही म्हणून संगणक खेळाच्या मध्यावर बंद पडत नाही. मूळ प्रश्न तो होता आणि तुम्ही चर्चा सॉकेटपाशी नेऊन ठेवली आहे.

डोंबिवलीचा वायरमन
माणूस जिवंत राहिला तर तो खेळेल. मूळ प्रश्न तुम्हीच सांभाळा.

लॅमिंग्टन रोडचा दुरुस्तीवाला
मूळ प्रश्नाकडे येतो. घरातला दिवा क्षणभर लुकलुकला आणि तेवढ्यात संगणक रीस्टार्ट झाला, पूर्वी तसे होत नव्हते, तर सप्लायच्या मुख्य कपॅसिटरवर संशय घ्या. वीज क्षणभर गेली तरी चांगला सप्लाय पूर्ण भारावरही सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. बिघाडाचा संदेश देणारा निळा पडदा येत असेल तर मात्र आधी रॅम आणि ड्रायव्हर पाहा. कपॅसिटर फुगला आहे का, हे पाहण्यासाठी सप्लायचा डबा कोणीही उघडू नये. त्या कपॅसिटरवर सव्वातीनशे किंवा त्याहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.

माहीमकरांचे एवढे मान्य करतो की, ३.० पूर्वीच्या सप्लायचा १२ च्या लाइनवरचा आकडा भाराखाली ११.४ च्या खाली आला आणि कनेक्टर करपलेला किंवा सैल नसेल, तर सप्लाय बदलायला माझ्या दुकानापर्यंत यायची गरज नाही. पण आकडा चांगला आला म्हणून सप्लाय निर्दोष, हे मी मान्य करणार नाही.

माहीमकर
तेवढ्यापुरते तुमचे खरे आहे. मग ज्यांनी काल प्रश्न विचारला होता त्यांनी मदरबोर्डची ऑर्डर थांबवावी आणि भाराखालचे आकडे इथे लिहावेत. ते मर्यादेत असतील, तर दुसरा सप्लाय त्याच्या स्वतःच्या केबलींसह लावून पाहावा.